सेल बदलला आणि विंडोज बसलं

डीटीपीचा पीसी 2012 चा, सेकंड जनरेशन आय-थ्री, विंडोज सेव्हन. पेजमेकरमधल्या सगळ्या लग्नपत्रिका त्यातच, म्हणून "आता नवीन घे की" हे कृपया सांगू नका, घरच्यांचं ऐकून झालंय.

आधी नुसता पंखा फिरायचा, स्क्रीन काळी आणि बीप-बीप. रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरने पुसली, परत बसवली, झालं काम. घड्याळ मात्र रोज मागे पडायचं, म्हणजे मदरबोर्डवरचा सेल उतरलेला. साधा बटन सेल, सीआर 2032, पण रॅमनंतर परत उघडायचा कंटाळा केला आणि दुकानात नेला, इथेच चुकलं.

सेल नवा आला आणि विंडोज गेलं! लोगो येतो, निळं काहीतरी चमकतं, परत रिस्टार्ट. स्टार्टअप रिपेअर दोनदा चालवलं, दोन्हीदा जमत नाही म्हणालं. दुकानदार म्हणतो हार्डडिस्क गेली, फॉरमॅट मारू. अहो पण सकाळी चालत होती ना! तर म्हणे, जुनं झालंय, असंच असतं. मग "उद्या बघतो" करत चार दिवस, ऐन लग्नसराईत, आणि इकडे गिऱ्हाईक प्रूफ मागतंय. शेवटी रागाने उचलून घरी आणला.

एफ-एट दाबून ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद केलं तेव्हा निळी स्क्रीन थांबली, खाली शेवटी एरर कोड 7B. म्हणजे विंडोजला बूट डिस्कच सापडत नव्हती, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, तर डिस्क नावानिशी दिसत होती! मग डोक्यात प्रकाश पडला. सेल काढला की बायोस फॅक्टरी सेटिंगवर जातं, आमच्या बोर्डावर साटा मोड (बोर्ड हार्डडिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते) जुन्या आयडीई पद्धतीवर गेलेला आणि विंडोज टाकलेलं नव्या एएचसीआयवर. तेवढं बदललं, एफ-टेन, सेव्ह, आणि डेस्कटॉप समोर. दोन मिनिटं लागली हो, दोन मिनिटं!

हां, सेल काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि वर रॅमचं लिहिलं त्यात राहिलं, पॉवरची वायर भिंतीतून काढूनच आत हात घाला. तारीखही नीट लावा, नाहीतर ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेटची बोंब मारतो.

दुकानदाराला फोन करून सांगितलं, तर म्हणतो, "मी तेच करणार होतो."