मोठेबाबांची वारी आणि लोहाऱ्याची वगार

मी काही वारकरी नाही हे आधीच सांगून टाकतो. गळ्यात माळ नाही, एकादशी कधी आली कधी गेली पत्ता नसतो, दुकानात बसून बी-बियाणं अन फवारणीची औषधं विकणारा माणूस. पण मोठेबाबांनी 31 वर्षं गजानन महाराजांच्या प्रगटदिनाला शेगाव पायी केलं होतं, आणि दिवाळी झाल्यावर ते गेले. तर यंदा दिंडीत आपल्या घरचं कोण, असं मोठीआईनं जेवताना विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडंच पाहिलं.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. तिथून अकोट आणि अकोटहून शेगाव, चार दिवसांची चाल. माघातली थंडी, रानात हरभरा, कुठं शेवटचा कापूस झाडावर. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत टाचेला फोड आला. नवे बूट घातले होते, ही अक्कल. दिंडीतल्या एका काकूनं खोबऱ्याचं तेल लावून फडकं बांधलं आणि म्हणाली, "मोठेबाबा चपलीनं जात बापा, अन तू बुटानं लंगडून राह्यला."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडलांचे मोठे भाऊ, पण पूर्ण गावच त्यांना मोठेबाबा म्हणायचं, त्यांच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. शेती सहा एकर कोरडवाहू, तिच्यात काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. घर चाललं ते म्हशींवर. आमच्या पूर्णेकाठच्या भुऱ्या म्हशी, अंगानं भुरकट, कपाळावर पांढरा टिका, शेपटीचा गोंडा पांढरा. काही वर्षांपूर्वी ही जात सरकारदरबारी पूर्णाथडी म्हणून नोंदली गेली तेव्हा मी त्यांना मोबाईलवर बातमी वाचून दाखवली, तर म्हणे, "आता माहीत पडलं का त्यायले?" दूध मुऱ्हापेक्षा कमी, पण फॅट डेअरीत आठच्या खाली क्वचितच लागायची, आणि मुख्य म्हणजे आमचं खारं पाणी अन आमचं ऊन सोसून निव्वळ कुटार-कडब्यावर जगणारं जनावर ते.

रस्त्यानं एक गोष्ट लक्षात आली. चहापाण्याला थांबलो की लोक विचारायचे, कुठली दिंडी? गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मंग ते भुऱ्या म्हशीवाले बुढे नाही आले?" गेले म्हटलं की माणूस हातातली किटली खालीच ठेवायचा. एकानं तर मला रस्त्यावरून आत नेऊन कोठा दाखवला, ही त्यायच्याकडून नेलेल्या म्हशीची नात, म्हणून. नात! आपल्या पोरांची कॉलेजं लक्षात राहत नाहीत आणि यांना म्हशीच्या तीन पिढ्या पाठ.

मोठेबाबांचा व्यवहार एका वाक्याचा होता. भाव सांगायच्या आधी खोड सांगायची. ही लाथ मारते, ही पावसात पान्हा चोरते, हिचा मागचा एक सड बारीक आहे. गिऱ्हाईक मग भाव पाडायचंच, आणि आम्ही घरचे चिडायचो. दोनदा तर माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं. म्हटलं, समोरचा विचारत नाही तर तुम्ही कशाले सांगता? तर म्हणे, म्हैस उद्या त्याच्या घरी जाऊन सांगनच ना. पण हाच माणूस घरात मात्र काही सांगायचा नाही. कर्ज किती, दुखते कुठं, काही नाही. सख्ख्या पोरीच्या साखरपुड्याला दोन तास उशिरा आले, कारण कुणाची तरी म्हैस अडली होती, आणि आले ते कोपरापर्यंत हात तसेच.

दुसरा मुक्काम अकोटला. रात्री महाराजांच्या गोष्टी निघाल्या. अकोलीची कोरडी विहीर इथं जवळच, भास्कर नावाच्या शेतकऱ्यानं पाणी नाही म्हटलं आणि महाराजांनी त्या विहिरीला पाणी आणलं, हे आमच्या भागात पोरासोरांना पाठ. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला गोड पाण्याची गोष्ट वेगळीच लागते म्हणा. पण मोठेबाबांची आवडती गोष्ट दुसरी होती, असं त्यांच्यासोबत वीस वर्षं चाललेल्या बुवांनी सांगितलं. 1878 साली शेगावच्या बंकटलालनं महाराजांना पहिल्यांदा पाहिलं, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खात होते. त्यांच्यासाठी पाणी आणेपर्यंत महाराज ढोरांसाठी ठेवलेलं पाणी पिऊन मोकळे झाले. मोठेबाबा दरवर्षी एवढंच सांगून झोपायचे, "शेगावात पयलं पानी ढोरायच्या वाट्याचं पेले, ध्यानात ठेवा."

मला आमच्या घरासमोरचा हौद आठवला. सिमेंटचा, रस्त्याच्या कडेला, कुणाचंही जनावर प्यायचं. बोअरचं पाणी खारं म्हणून नळ आला की मोठेबाबा आधी हौद भरायचे, मग घरातली भांडी. मोठीआई जन्मभर ओरडली त्यावरून.

तिसऱ्या दिवशी पूर्णेचा पूल लागला. नदीत पाणी थोडंच. तिथं बसलो आणि मला चालवेना, पाय दुखत होते हे खरं, पण तेवढंच नव्हतं. मोठेबाबांच्या किडन्या गेल्या होत्या. आमच्याकडं सगळे खाऱ्या पाण्याला दोष देतात, डॉक्टर बीपीचंही म्हणत होते. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस, पहाटेच्या एसटीनं जायचं, रात्री यायचं. डॉक्टरनं सांगितलं, दिवसभरात एक लिटरच पाणी. म्हैस दिवसाला पन्नास-साठ लिटर पिते, उन्हाळ्यात अजून जास्त, आणि दावणीला अकरा जनावरं. तर हा माणूस स्टीलच्या गिलासानं स्वतःचं पाणी मोजून प्यायचा आणि नळीनं हौद भरत बसायचा, नळी हातात धरून, पाण्याकडं पाहत. एकदा मी म्हटलं, द्या मी भरतो, तर म्हणे राहू दे बे, तेवढंच थंड वाटते.

2022 ला लम्पी आला तेव्हा डायलिसिस सुरू नव्हतं झालं, पण पायाला सूज होती. गाईच्या अंगावर गाठी, तापानं खाली बसलेली जनावरं, कुणी दुसऱ्याच्या कोठ्यात जायला तयार नाही. हे रोज जायचे, लिंबाच्या पाल्याचा धूर करायचे कारण रोग माश्या-डासांनी पसरतो, मग घरी येऊन कपडे बाहेरच काढून हातपाय पोटॅशच्या पाण्यानं धुवून मगच आपल्या म्हशींकडं. मेलेल्या दुधाळ गाईमागं सरकारची 30 हजार मदत होती, बैलामागं 25, वासरामागं 16, पण पंचनामा पाहिजे. लोक रडत रडत लगेच पुरायला काढायचे तर मोठेबाबा त्या जनावराजवळ बसून राहायचे, डॉक्टर आल्याशिवाय उचलू द्यायचे नाहीत. त्यावरून शिव्याही खाल्ल्या. मदत मिळाल्यावर शिव्या देणारेच आले होते पेढे घेऊन, यांनी पेढे नाही घेतले, ढेपेचं अर्धं पोतं मागितलं!

गेले ते साधेच. सकाळी दूध काढलं, कॅन डेअरीत पाठवली, वसरीत बाजेवर पडले ते उठले नाहीत. दुपारी मातीला एवढी माणसं की ढोरं चारायला न्यायला गावात कुणी नव्हतं, ती आखरावरच उभी होती संध्याकाळपर्यंत. बाजारातला तो व्यापारीही आला होता ज्याला मोठेबाबांनी आयुष्यात एकही म्हातारं जनावर दिलं नाही. तो बराच वेळ मागं उभा राहिला आणि कुणाशी न बोलता गेला.

चौथ्या दिवशी पहाटे लोहाऱ्याजवळ थांबलो. पिठलं-भाकर, अंबाडीची भाजी, वर मिरचीचा ठेचा. वाढणारी एक म्हातारी आमची पताका पाहून जवळ आली, तेच विचारलं, मी तेच सांगितलं. ती खाली बसली. मग म्हणाली, "मंग त्यायची वगार कोणाले देऊ?" चार वर्षांपूर्वी मोठेबाबांनी तिला एक वगार, म्हणजे म्हशीचं मादी वासरू, वाढवायला दिली होती. बोली अशी, म्हैस तुझी, पण तिला पहिली वगार झाली तर ती माझी. कागद नाही, साक्षीदार नाही. दिवाळीआधी म्हैस व्यायली, वगारच झाली, आणि बाई महिनाभरापासून प्रगटदिनाची वाट पाहत होती.

मी मोठीआईला फोन लावला. वाटलं रडेल, किंवा म्हणेल राहू दे गरिबाजवळ. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "मायचं दूध कितीक आहे ते इचार." विचारलं. "अन खोड?" म्हातारीनं फोनवरच सांगितलं, वगार चांगली आहे पण दावं तोडते.

शेगावात गर्दी एवढी की दर्शनबारीत पाच तास गेले. समाधीसमोर पोचलो तेव्हा काय मागायचं ते सुचलंच नाही, मागच्यानं ढकललं, बाहेर आलो. कचोरी खाल्ली. बाकी मंडळी ट्रॅव्हल्सनं परतली, मी लोहाऱ्याहून छोटा हत्ती केला आणि मागं वगारीजवळ कुटाराच्या पोत्यावर बसून आलो. अकोटच्या अलीकडं तिनं दावं तोडलंच, मग घरापर्यंत तिची मान काखेत धरून बसलो.

रात्री अकराला घरासमोर उतरलो. हौद भरलेला होता. वगारीनं तोंड लावलं आणि मोठीआई बाहेर आली. "जास्त नको पेऊ देऊ," म्हणाली, "थकून आली ते," आणि मग माझ्याकडं पाहून, "तुले जेवाचं आहे का?"