पसरणी, केळघर आणि एक ठिगळांची टू-स्ट्रोक रिक्षा

जाताना पुणे, कात्रज, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. येताना केळघर घाट उतरून मेढा, सातारा, पुणे. दोन दिवस, जेमतेम २९० किलोमीटर. गाडी बजाजची, मागच्या इंजिनाची टू-स्ट्रोक रिक्षा, १४५.४५ सीसी. चासी ऐंशीच्या दशकातली, बाकीचं ज्या मिस्त्रीच्या हाताला जे लागलं ते. ज्यांना अशीच गाडी घेऊन घाट चढायचाय त्यांच्यासाठी हा वृत्तांत आहे.

निघण्यापूर्वी गाडीत काय काय बसलंय ते कागदावर उतरवा. आरसीवर विसंबू नका. बजाजने मागच्या इंजिनाची रिक्षा १९७७ मध्ये आणली, त्याआधीची पुढच्या इंजिनाची. त्यामुळे दुकानात नुसतं ‘जुनी रिक्षा’ म्हणालात तर समोरचा कुठल्याही पिढीच्या पार्टचा डबा काढून देईल. इंजिन टू-स्ट्रोकच आहे ना, हेही बघा. बऱ्याच जुन्या चासींवर नंतर फोर-स्ट्रोक चढवलेलं असतं. इंजिन ऑइल बघायची डिपस्टिक आणि डोक्यावर व्हॉल्व्हचं कव्हर असेल तर तो फोर-स्ट्रोक, त्याला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही. इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल तर आधी आरटीओची नोंद, मग प्रवास. आणि ‘व्हिंटेज’ नोंदणीची आशा धरू नका. २०२१ च्या नियमांत ती सोय पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि चारचाकींना आहे, तीनचाकीला नाही. गाडी परमिटवर असेल तर परमिटचं क्षेत्रही बघून घ्या.

पुण्याच्या नाना पेठेत पार्ट आणायला जाताना जुना पार्ट खिशात आणि व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात असावा. मॉडिफाय केलेल्या गाडीत मॉडेलच्या नावाने मागितलेला पार्ट बसेलच असं नाही, मापाने मागितलेला बसतो. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, कार्ब्युरेटरच्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या भागावर) आकडा. पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा किती मोठा ते) आणि बाण असतो, बाण एक्झॉस्ट पोर्टकडे, म्हणजे धूर बाहेर जायच्या तोंडाकडे. रिंगांची तोंडं पिस्टनमधल्या बारीक खुंट्यांवरच बसली पाहिजेत, नाहीतर पोर्टमध्ये अडकून रिंग तुटते. क्लच आणि गिअरची केबल घेताना आतली तार आणि बाहेरचं कव्हर ही दोन्ही मापं वेगळी घ्या. स्कूटरची केबल दिसते तशीच, पण मागच्या इंजिनापर्यंत पोचत नाही.

शिरवळच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. रिम दोन फाळ्यांचा, म्हणजे जोडलेल्या दोन अर्ध्या भागांचा असतो, ४.००-८ चा टायर त्या फाळ्यांमध्ये धरलेला. फाळे जोडणारे नट वेगळे, हबचे वेगळे. चाक काढून व्हॉल्व्हची पिन काढा, ट्यूबमधली हवा पूर्ण गेली याची खात्री करा आणि मगच फाळ्यांचे नट सोडा. हवा असताना सोडले तर फाळा उडतो, आणि समोर तुमचं तोंड असतं. रस्त्याकडेचा पंक्चरवाला घाईत हे विसरतो, म्हणून बाजूला उभं राहून बघा. या गाडीच्या पुढच्या चाकाला कोणीतरी स्कूटरचा ३.५०-८ चढवला होता. बसतो, पण भार पेलायची त्याची ताकद कमी. निघण्यापूर्वी तिन्ही टायरवरचे आकडे वाचा.

खंबाटकी दुसऱ्या गिअरमध्ये निमूट चढली. सुरूर फाट्याला उभं करून दहा मिनिटं गार होऊ दिलं. कुलिंगच्या पंख्यावरचं पत्र्याचं कव्हर पूर्ण हवं. बऱ्याच गाड्यांत ते अर्धं कापलेलं सापडतं, मग वारा सिलिंडरवर न जाता बाहेर जातो.

खरा घोळ पसरणी घाटात झाला. वाईतून वर लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या वळणाला पिकअप गेला, सायलेन्सरमधून फटाके, आणि बंद करून पुन्हा सुरू करताना स्टार्टचं हँडल उलटं हिसका द्यायला लागलं. प्लगला ठिणगी चांगली होती, पेट्रोल येत होतं. अशी लक्षणं एकत्र दिसली की कार्ब्युरेटर उघडत बसू नका, मॅग्नेटची की तपासा. मॅग्नेट म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, क्रँकवर, बसलेलं ठिणगीची वीज बनवणारं चाक, आणि की म्हणजे त्याची जागा ठरवणारा धातूचा छोटा तुकडा.

मूळ गाडी पॉइंटची, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची. मॅग्नेटच्या तोंडावर पॉइंट बघायला खिडक्या असतात त्यावरून ओळखता येते. या गाडीवर बिनखिडकीचं, १२ व्होल्टचं सीडीआय (पॉइंटशिवाय, इलेक्ट्रॉनिक ठिणगीचं) मॅग्नेट बसवलेलं होतं. पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) लावून ते काढलं तेव्हा क्रँकच्या निमुळत्या टोकावरची अर्धचंद्र की निम्मी कातरलेली निघाली. टोकावर घासल्याची चमक फक्त बाहेरच्या कडेला होती, आतला सगळा भाग कोरा. म्हणजे की तिच्या गाळ्यापेक्षा (बसायच्या खाचेपेक्षा) उंच होती. मॅग्नेट निमुळत्या टोकावर नाही, कीच्या पाठीवर बसलं होतं. नट घट्ट, पकड शून्य. ताकद धरायची असते ती निमुळत्या टोकाने, की फक्त जागा दाखवते. पकड नसली की घाटातल्या ओझ्याने की कातरते, मॅग्नेट काही अंश फिरतं आणि ठिणगीचं टायमिंग बिघडतं.

दुरुस्ती अशी. टोक आणि मॅग्नेटचं भोक पेट्रोलने कोरडं पुसायचं. की न लावता व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून मॅग्नेट हाताने अर्धी-अर्धी वळणं फिरवायचं. पुसून बघायचं, राखाडी पट्टा टोकाच्या पूर्ण लांबीवर दिसेपर्यंत. पेस्टचा कण राहू द्यायचा नाही. नवी की गाळ्यात बसवून मॅग्नेट नुसतं टेकवायचं. कीशिवाय जितकं आत जातं तितकंच कीसकट गेलं पाहिजे. कमी गेलं तर कीची पाठ कानशीने थोडी घासा, गाळा कधीच नाही. मग स्प्रिंग वॉशर आणि नट. पुलर नसेल तर हातोडा मारू नका, पंख्याची पाती तुटतात आणि क्रँक वाकतो. पुलर मॅग्नेटच्या आट्यांप्रमाणे घरीच लावून बघितलेला हवा. सीडीआयचं मॅग्नेट बऱ्याचदा दुसऱ्या इंजिनाचं असतं, त्याचे आटे तुमच्या पुलरला लागतीलच असं नाही.

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. विरळ हवेत मिश्रण जाड होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, प्लग काळा पडतो, गाडी जराशी जड चालते. जेट बदलू नका. एका मुक्कामासाठी लहान जेट टाकला आणि तसाच खाली साताऱ्यात आलात तर मिश्रण पातळ पडून पिस्टन सीज (जाम) होईल. पेट्रोलमध्ये ऑइल तीन टक्के, लिटरमागे ३० मिलि. ५ लिटरच्या कॅनमध्ये १५० मिलि घालून हलवा आणि मगच टाकीत ओता. ‘अजून थोडं’ म्हणून जास्त ओतलं की धूर आणि कार्बन वाढतो. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुना रबरी पाइप फुगतो आणि कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई चिकटते, म्हणून पाइप नवा टाका आणि मिसळलेलं पेट्रोल महिनाभर ठेवू नका.

केळघर उतरताना दोन गोष्टी. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जातं, त्यामुळे गिअरमध्ये टाकून थ्रॉटल पूर्ण बंद केला की इंजिन कोरडं फिरतं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा आणि दर वळणाला थ्रॉटल क्षणभर उघडा. दुसरं, ब्रेक. ब्रेकच्या सिलिंडरची रबरं बदलताना डॉट ३ ब्रेक फ्लुइडच भरा. मिनरल ऑइल भरलं की रबरं फुगतात, पेडल सुटल्यावरही शू ड्रमला घासत राहतो आणि चाक तापतं. उतारावर अर्ध्या वाटेत थांबून तिन्ही ड्रमजवळ हात न्या. एकच जास्त तापला असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाहीये.

पिशवीत हे हवं: प्लग २, अर्धचंद्र की ३, क्लच आणि गिअरच्या आतल्या तारा प्रत्येकी १, सोल्डर न लागणारी निपल ४, ट्यूब १, पेट्रोलचा पाइप १ मीटर, सीडीआय युनिट १, पुलर, व्हॉल्व्ह पेस्टची डबी आणि अर्धा लिटर २टी ऑइल. दिव्यांचे बल्ब घेताना आधी व्होल्टेज मोजा. मॅग्नेट १२ व्होल्टचं झालं तरी मागच्या दिव्यात जुना ६ व्होल्टचा राहिलेला असतो, आणि तो पहिल्याच रात्री जातो. मॅग्नेटचा नट साताऱ्याला पोचल्यावर, इंजिन गार झालं की, पुन्हा एकदा कसा.