उद्यानाच्या आरक्षणासाठी दिलेली हरकत : माझा अनुभव

जळगाव जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावाचा सुधारित प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा मसुदा, प्रसिद्ध झाल्याची सूचना मला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत दिसली. नगरपालिकेत जाऊन नकाशा पाहिला, तेव्हा आमच्या कॉलनीला लागून असलेल्या गटावरचा हिरवा रंग जाऊन तेथे निळा आला होता. जुन्या आराखड्यात ती जागा उद्यानासाठी राखून ठेवणारे आरक्षण उठवून व्यापारी संकुल प्रस्तावित केले होते.

उद्यान प्रत्यक्षात कधी झालेच नव्हते. तेथे तीन जुने कडुनिंब आहेत, संध्याकाळी पोरांचे क्रिकेट चालते आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या मुली त्याच कडुनिंबांना झोके बांधतात. शेजारच्या आजींना मी ही बातमी सांगितली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "आते झोका कोठे बांधाना माय?"

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार हरकती व सूचनांसाठी आम्हाला ३० दिवस होते. त्यातले पहिले दहा मी वाया घालवले. शुद्ध हवा, मुलांचे आरोग्य, वाढते ऊन असे दोन पाने भरून लिहिले आणि निवृत्त आरेखक (नकाशे काढणारे) असलेल्या एका शेजाऱ्यांना वाचायला दिले. त्यांनी पहिले दीड पान खोडले. "नकाशात काय बदलायचे ते पहिल्याच वाक्यात लिहा, ताई," असे ते म्हणाले. मग मी फी भरून भाग नकाशा घेतला, गट नंबर आणि आरक्षण क्रमांक त्यावरून उतरवला, आणि एकाच अर्जावर साठ सह्या घेण्याऐवजी घरोघरी स्वतंत्र अर्ज लिहून घेतले. अर्ज देताना लिपिक म्हणाले, "ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील." पोच मिळेपर्यंत मी खिडकीपासून हलले नाही; तीस वर्षे शाळेत हजेरी घेतल्याचा एवढा तरी उपयोग झाला.

खरी अडचण वेगळी होती. तो गट एका शेतकऱ्याचा आहे. वीस वर्षांहून अधिक काळ आरक्षणामुळे त्यांना जमीन विकता आली नाही आणि मोबदलाही मिळाला नाही. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणजे नुसते "आरक्षण कायम ठेवा" असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्यायच होता, आणि कायद्यापुढे ते टिकलेही नसते. म्हणून शेजारच्या अभिन्यासात (प्लॉट पाडलेल्या लेआउटमध्ये) विकासकाने सोडलेली दहा टक्के खुली जागा आणि या गटाचा तिला लागून असलेला, कडुनिंबांचा भाग एकत्र करून लहान उद्यान करावे, उरलेली जमीन मालकाला मोकळी करावी आणि घेतलेल्या भागापोटी हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) द्यावा, अशी सूचना आम्ही हरकतीला जोडली. ती द्यायच्या आधी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवली. त्यांनी चहा पाजला. सही मात्र केली नाही.

सुनावणी नियोजन समितीपुढे झाली. या समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचनेचे जाणकार असतात. माझ्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे आली. "बागेला पाणी कोठून देणार?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि जेथे उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते तेथे तो रास्तच होता. आम्हाला हिरवळ, कारंजे, रंगीत दिवे यांतले काही नको, सावली आणि बसायला पार हवा, असे मी सांगितले. एका सदस्याने मान वर करून प्रथमच नकाशाकडे पाहिले.

काही महिन्यांनी फेरबदलांसह नकाशा प्रसिद्ध झाला. हिरवा रंग परत आला होता, पण पूर्वीच्या निम्म्याहून कमी आणि वेड्यावाकड्या आकाराचा. दोन कडुनिंब उद्यानात आहेत. तिसरा, सर्वांत जाड बुंध्याचा, ज्याची आडवी फांदी झोक्यासाठी सगळे आधी धरतात, तो नऊ मीटरच्या प्रस्तावित रस्त्यात येतो. आराखडा आता मंजुरीसाठी शासनाकडे गेला आहे. रस्ता दोन मीटर सरकवण्याचा अर्ज मी दिला असून त्याची पोच त्याच फाइलमध्ये लावली आहे.