सलाईन संपलं

माझ्या ऑडिओग्रामची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाची, रेघ घाटमाथ्यासारखी आहे. जाड आवाजांच्या बाजूला बऱ्यापैकी सपाट, आणि बारीक आवाज सुरू झाले की एकदम कडा. त्या कड्याखाली 'स' राहतो, शेजारी 'श' आणि 'फ'. आता वॉर्डात नर्सच्या कानावर दिवसभर कोणतं वाक्य पडतं? 'सिस्टर, सलाईन संपलं.' माझ्यापर्यंत त्यातलं पोचतं ते 'इटर, अलाईन अंपलं.' तरी समजतं, कारण म्हणणाऱ्याची नजर बाटलीवर असते. कोविडमध्ये मास्क आले, ओठ झाकले गेले, तेव्हा मात्र मी खरी बहिरी झाले.

हृदयाचे ठोके जाड आवाजाचे. ते मला ऐकू येतात, फक्त बारके होऊन. पण साध्या स्टेथोच्या गोळ्या कानात घालायच्या तर आधी कानातली मशीन काढावी लागतात. वीस पेशंट म्हणजे वीस वेळा काढा-घाला, आणि काढली की पेशंट काय बोलतोय ते गेलंच. एकदा एक मशीन युनिफॉर्मच्या खिशातून थेट साबणाच्या बादलीत गेलं.

त्या काळात मी एक वाईट सवय लावून घेतली. कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरनं १९०५ मध्ये बीपीची रीत सांगितली: कफमधली हवा सोडताना पहिला 'टक' ऐकू आला तो वरचा आकडा, टकटक थांबली तो खालचा. मी टक ऐकायचं सोडून काट्याची थरथर बघू लागले. काटा आवाजाच्या आधीच थरथरतो, हे मला शिकवलेलं होतं. तरी बघायचे. त्या महिन्यांतल्या माझ्या रजिस्टरमध्ये सगळ्या वॉर्डाच्या बीपीचा प्रत्येक आकडा शून्यानं संपतो, म्हणजे नुसता अंदाज. एका मावशींचं मी लिहिलेलं बीपी डॉक्टरांनी पुन्हा घेतलं. वीसचा फरक निघाला. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्याच पगारात इलेक्ट्रॉनिक स्टेथो घेतला. छातीवर टेकवायच्या चकतीत माइक, आत आवाज मोठा करायची सोय, आणि वायरीनं जोडलेला मोठा हेडफोन, जो कानातल्या मशीनवरूनच बसतो. कप जरा तिरका बसला तर मशीन शिटी मारतं. मग डोक्यावर थोडी खटपट. 'नर्सबाई गाणी ऐकतायत' ही तक्रार दोनदा झाली.

एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. हा स्टेथो सगळंच मोठं करतो. नायलॉनच्या साडीची सळसळ म्हणजे वादळ. छातीवरचे केस चकतीखाली आले की सुकलेल्या पाचोळ्यातून कुणी चालल्यासारखं वाटतं. माझं स्वतःचं बोट हललं तरी धाडकन. पहिला आठवडा मी प्रत्येकाच्या फुप्फुसात काहीतरी शोधत होते आणि सापडत होता तो बहुधा बनियन. आणि सेल संपतो तो नेमका रात्रपाळीला.

१८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात लायनेक नावाच्या डॉक्टरनं एका तरुणीच्या छातीला थेट कान लावायच्या संकोचापायी कागदाची गुंडाळी केली, तिथून हे सगळं सुरू झालं. त्याला लाज ऐकण्याची वाटली, मला न ऐकू येण्याची. माझ्या लाजेनं रजिस्टर खोटं केलं, त्याची परवडली.

परवा आठ नंबरच्या बेडवर एक आजोबा होते. ऐकायला माझ्याहून कमी. कानाचं मशीन घरी कपाटात. 'आवाज लई करतं,' म्हणून. माझा हेडफोन बघून खुणेनं मागितला. मी आवाज वाढवून त्यांच्या कानावर चढवला आणि चकती त्यांच्याच छातीला लावली. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.

'हे माझंच का?' त्यांनी वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

मी मान हलवली.

'मग सून म्हणती त्यापरास बरं चाललंय की!'

हेडफोन काही केल्या परत देईनात. तेवढ्यात नऊ नंबरचा माणूस हात करून काहीतरी म्हणाला. मी बाटलीकडे बघितलं.