'क्रंच असतो का?' असं विचारायचं नसतं

पीएचडीच्या आराखड्याच्या सादरीकरणात समितीतल्या एका सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "म्हणजे तुम्ही गेम खेळणार आणि आम्ही पदवी देणार?" सगळे हसले, मीही हसले. विषय खरं तर गेम बनवणाऱ्यांच्या कामाचा होता. तारखा का घसरतात, शेवटी शेवटी माणसं रात्ररात्र ऑफिसात का असतात, हे मला बघायचं होतं. या धंद्यात त्या जागरणांना 'क्रंच' म्हणतात.

सुरुवात घरबसल्या झाली. गेम बाजारात आला की बनवणारेच काय जमलं आणि काय फसलं ते लिहितात, त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. 'गेम डेव्हलपर' या अमेरिकी मासिकाने ते रूढ केलं: पाच जमलेल्या गोष्टी, पाच फसलेल्या. संशोधकांना ही खाणच सापडली. २००९ मध्ये फाबियो पेत्रिलो आणि सहकाऱ्यांनी अशी २० पोस्टमॉर्टेम तपासली. २०२० मध्ये क्रिस्टियानो पोलितोव्स्कींच्या गटाने २०० तपासून १,०३५ अडचणी वेगळ्या काढल्या. मीही एक्सेल उघडून ३८ पोस्टमॉर्टेममधल्या अडचणींना कोड, म्हणजे विषयवार लेबलं, लावत बसले. 'आवाक्याबाहेरचा आराखडा', 'मध्येच वाढलेली फीचर्स', 'डेडलाइन'. महिनाभर बरं वाटलं. मग लक्षात आलं की जो गेम अर्ध्यावर बंद पडला त्याचं पोस्टमॉर्टेम सहसा कुणी लिहीतच नाही. मेलेल्यांची नोंद नाही आणि वाचलेल्यांवरून साथीचा अभ्यास चाललाय! शिवाय लिहिणारा बहुतेक वेळा लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, किंवा प्रोड्युसर. रात्री दोनला बिल्ड, म्हणजे गेमची चालवून बघता येणारी आवृत्ती, काढणारा पोरगा त्यात नसतोच.

म्हणजे माणसंच गाठायला हवी होती. स्टुडिओंना मेल केले. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. एका ठिकाणाहून तीन महिन्यांनी आलं, सोबत गोपनीयतेचा करार. जे लिहाल ते आधी आम्हाला दाखवायचं, आम्ही हो म्हटलं तरच छापायचं. माझ्या गाइड मॅडमनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला. "यावर सही केलीस तर थीसिस त्यांचा, नाव फक्त तुझं." तो नाद सोडला. नोकरी सोडलेल्यांपासून सुरुवात केली. एकाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. संमतीपत्राचा मराठी मसुदा एथिक्स कमिटीने दोनदा परत पाठवला, त्यात आणखी दीड महिना गेला. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

पहिल्या चारही मुलाखती वाया गेल्या, आणि चूक माझीच होती. मी सरळ विचारायचे, "तुमच्याकडे क्रंच होता का?" चौघेही म्हणाले, "नाही, तसा नव्हता." पाचव्याला सहज विचारलं, "शेवटच्या बिल्डच्या आठवड्यात रात्रीचं जेवण कुठे व्हायचं?" तो म्हणाला, "ऑफिसातच. सव्वा महिना." मी वर बघितलं. "पण तो क्रंच नव्हता हं," तो घाईने म्हणाला, "आम्हीच थांबायचो." त्या दिवसापासून क्रंच हा शब्द माझ्या प्रश्नावलीतून गेला. जेवण, शेवटची बस, घरून येणारा फोन, यांचीच चौकशी. पहिल्या चौघांना पुन्हा भेटले. तिघांची उत्तरं बदलली.

ते का थांबायचे, हे कळायला मात्र एक लॅपटॉप लागला. एकाने स्वतःचा जुना प्रोजेक्ट उघडून दाखवला. पात्र कड्यावरून उडी मारतं. खेळणाऱ्याचं बटण किंचित उशिरा दाबलं जातं, पाय कड्यावरून सुटलेले असतात, तरी गेम ती उडी मान्य करतो. याला 'कोयोटी टाइम' म्हणतात. त्याने आकडा ०.१ सेकंद केला. "मार." मारली. मग ०.०५ केला. मी दरीत. "आता ०.२." उडी लागली, पण काहीतरी खोटं वाटलं. "बघ. ह्यात दोन रात्री गेल्या. टास्क शीटवर काय होतं? 'उडी: अर्धा दिवस'."

हैदराबादला २०१४ मध्ये आयसीएसई ही सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची परिषद भरली होती. तिथे मर्फी-हिल, झिमरमन आणि नागप्पन यांनी १४ मुलाखती आणि ३६४ जणांच्या प्रश्नावलीवर एक निबंध मांडला. गेममध्ये 'मजा यायला हवी' हीच मूळ मागणी असते आणि ती कागदावर नेमकी उतरवता येत नाही, असा त्यातला एक मुद्दा. मी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली होती. समजलं मात्र दरीत पडल्यावर.

मुलाखती उतरवून प्रत्येकाला वाचायला पाठवल्या. नको ते खोडा म्हटलं. भीती होती की लीडबद्दलचे शेलके शब्द, पगाराचं रडगाणं, सगळं उडणार. लॅपटॉपवाल्याने अख्ख्या अठरा पानांत एकच वाक्य खोडलं. लीडला घातलेल्या शिव्या जशाच्या तशा होत्या. खोडलेलं वाक्य त्याच्या स्वतःच्या गेमला नावं ठेवणारं होतं. ते मी इथेही लिहीत नाही.