वेलणटाण्याची गोष्ट

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात रस्त्याला लागून कापसातली सरकी काढणारे एक जिनिंग होते आणि ते चालवणारे गुजराती कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी सौराष्ट्रातून येऊन इथलेच झाले होते. त्या घरातील आजीला सारे गाव 'बा' म्हणत असे. मी दहावीत असताना टीव्हीवर व्हॅलेंटाईन डेचा गाजावाजा सुरू झाला, तेव्हा बांच्या अंगणात बसलेल्या माझ्या आईने हे काय प्रकरण आहे असे विचारले. बांनी हातातले काम न थांबवता सांगितले, "अवं बाई, थो दिवस इंग्रजायचा नोहे, आमचा हाय. त्याले आमी वेलणटाणे म्हणतो."

त्यांनी रचलेली ती गोष्ट मला आजही जशीच्या तशी आठवते. काठियावाडातल्या एका गावात एक व्यापारी राहत असे. बाजारात तो अत्यंत गोड बोले. घरी मात्र ताटात आलेल्या प्रत्येक रोटलीत खोट काढी. कधी ती जाड असे, कधी तिचा काठ कच्चा असे, तर कधी ती पुरेशी गोल नसे. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला सकाळी बायकोने पिठाचा हात पुसला, वेलण म्हणजे लाटणे उचलले आणि ती सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आता डोक्यात बसणार, या भीतीने त्याने डोळे मिटले, पण तिने ते वेलण त्याच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "लो, आजे तमे वणो." म्हणजे घ्या, आज तुम्ही लाटा. त्याची पहिली रोटली चिंचेच्या पानासारखी निघाली, दुसरी पाटाला चिकटली, तिसरी तव्यावर फाटली आणि दुपारपर्यंत तो घामाघूम झाला. संध्याकाळी तो तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आला. पुढे दर वर्षी त्या दिवशी तोच रोटल्या लाटू लागला आणि शेजाऱ्यांनी कधी जेवायला यायचे असे विचारले की तो सांगे, "वेलणटाणे". गोऱ्या साहेबाच्या तोंडी त्याचे व्हॅलेंटाईन झाले, असे बा शपथेवर सांगत.

गुजरातीत 'टाणे' म्हणजे वेळी, प्रसंगी. जमवा टाणे म्हणजे जेवणाच्या वेळी. त्यामुळे बांची व्युत्पत्ती कानाला पूर्ण पटते. वेलण हा शब्दही तसा आपल्या ओळखीचाच आहे. संस्कृत 'वेल्लन' पासून गुजरातीत वेलण आले आणि हिंदीत बेलन. आपल्या 'वीस'चा हिंदीत 'बीस' होतो, तसाच 'व'चा 'ब' झाला. खऱ्या दिवसाचा संबंध तिसऱ्या शतकात रोममध्ये हुतात्मा झालेल्या संत व्हॅलेंटाईनशी जोडला जातो, त्याच्या नावाचे मूळ 'बलवान' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे आणि त्याच्याविषयीची खात्रीची माहिती इतकी तुटपुंजी आहे की 1969 साली कॅथलिक चर्चने त्याचा सण आपल्या सर्वसाधारण पंचांगातून काढून टाकला. तिथे जागा रिकामी झालीच होती, तर बांच्या त्या बाईला ती द्यायला माझी मुळीच हरकत नाही.

ही गोष्ट आमच्या घरात मात्र जन्मली नसती, असे मला मनापासून वाटते. आमच्याकडे रोजची भाकर ज्वारीची, ती हातावर थापायची. शेतातल्या जेवणावळीला रोडगे, तेही हातानेच वळलेले. आणि पाहुण्यांसाठी केलेले मांडे तर हातावरच लांबवलेले. लाटणे निघे ते सणासुदीच्या पोळ्यांना. बाजरीचा रोटला काठियावाडातही हातानेच घडतो. पण बांच्या घरी दोन्ही वेळेला पातळ गव्हाची रोटली लागे आणि त्यांचे वेलण दिवसाचे तीन-चार तास हातात असे. ते मी जवळून पाहिले आहे. आपल्या लाटण्याहून ते बारीक होते, दोन्ही टोकांना निमुळते, आणि मधोमध इतके गुळगुळीत झालेले की लाकडाच्या रेषाही बोटाला लागत नसत. आयुष्यभर ज्या वस्तूवर तळवे घासले, तिच्याच नावाने त्यांनी प्रेमाचा दिवस रचला, याचे मला फार अप्रूप वाटते.

वेलण उगारून नवऱ्याला झोडपणाऱ्या बायकोचे विनोद पुष्कळ आहेत आणि ते मला कधीच आवडले नाहीत. लाटण्याचा खरा मान महाराष्ट्राने 1972 नंतरच्या महागाईत पाहिला, जेव्हा मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या हजारो बायका थाळ्या बडवत लाटणे मोर्चात उतरल्या. बांच्या गोष्टीतल्या बाईनेही कोणाला मारले नाही. तिने आपले काम नवऱ्याच्या हातात दिले आणि त्याचे वजन त्याला कळू दिले.

बा गेल्या, जिनिंगही विकले गेले. जाण्याआधी त्यांनी ते वेलण आईला दिले होते. दर 14 फेब्रुवारीला आई ते फळीवरून काढून बाबांसमोर ठेवते आणि म्हणते, "घ्या, टाणे झालं." बाबांच्या पोळ्या अजून गोल होत नाहीत, पण गेल्या वर्षी त्यातली एक तव्यावर टम्म फुगली, तेव्हा त्यांनी ती खाली न उतरवता आधी आईला हाक मारली.