बेळगावची पोरं, गोकाकचं करदंट आणि म्यानमार बॉर्डरचा रस्ता

थायलंडला चाललोय म्हटल्यावर घरात, गल्लीत, ऑफिसात सगळ्यांनी एकाच नजरेनं बघितलं, कुठल्या ते सांगायला नको. पटाया नाही हो, एकदम वर, उत्तरेला, म्यानमार-लाओसच्या बॉर्डरला गाड्या भाड्यानं घेऊन फिरणार आहे असं समजावत बसलो तर आमचे काका म्हणाले, "बॉर्डर बघायला एवढं लांब कशाला, शिनोळीला जाऊन ये की." तसं त्यांचंही खरंच. वेंगुर्ला रोडनं गाडी काढली की चहा निवायच्या आत महाराष्ट्र, वर निपाणी ओलांडली की परत महाराष्ट्र, आणि जांबोटी-कणकुंबी करत चोर्ल्याला गेलं तर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्ही एकाच घाटात. पण मी सांगतो, आपण बॉर्डरवरची माणसं असल्यामुळंच ती ट्रिप आम्हाला एवढी भिडली, पुण्या-मुंबईच्या ग्रुपला ती नुसती घाट आणि कॉफीची वाटली असती.

टोळी नेहमीचीच. नावं घेत नाही, आम्ही तसंही एकमेकांना गावावरनंच हाक मारतो. निपाणी, चंदगड, बेळगावच्या उद्यमबागेत स्वतःचं मशीन शॉप असलेला शेठ आणि वडगावचा मी. रविवारी चोर्ल्याला निघालो की आमच्या चार गाड्यांवर केए २२, केए २३ आणि एमएच ०९ असे तीन पासिंग असतात आणि नाक्यावरचा पोलीस एमएच पासिंग बघून हमखास चंदगडलाच बाजूला घेतो, का ते आपल्याकडच्यांना माहितीच आहे.

आधी निपाणीचं व्हिएतनाम चाललं होतं, तिथला 'हा जियांग' नावाचा लूप, चीनच्या बॉर्डरला, रीलमध्ये सगळ्यांनी बघितलेला. पण लायसन्सची भानगड निघाली. आपल्या आरटीओतनं मिळतं ते आयडीपी, म्हणजे परदेशात गाडी चालवायचं परमिट, १९४९ च्या जिनिव्हा कन्व्हेन्शनचं, आणि व्हिएतनाम मानतं ते १९६८ वालं. म्हणजे गाडी भाड्यानं मिळेल हो, कोण विचारत नाही, पण पडलो-झडलो तर इन्शुरन्सवाले हात वर करणार. थायलंडला मात्र १९४९ चं चालतं, शिवाय ट्रॅफिक आपल्यासारखंच डावीकडनं. मग आयडीपी काढलं, फॉर्म ४ए, फी १००० रुपये, वर्षभर चालतं. आम्ही तिघांनी कर्नाटकात काढलं, चंदगडचं काम कोल्हापूरला. एक बघा, त्यात मोटरसायकलचा शिक्का आहे का ते तिथंच काउंटरवर तपासून घ्या, नुसता कारचा असेल तर उपयोग शून्य.

बंगळूर-बँकॉक-चियांग माई असं पोचलो. चियांग माईत गाड्यांची दुकानं ढिगानं. शेठनं आणि मी होंडाची सीआरएफ ३०० एल घेतली, निपाणीनं सीबी ५०० एक्स, आणि चंदगडनं सरळ क्लिक स्कूटर, कारण सीआरएफची सीट ८८० मिमी उंच आणि आमचा चंदगड उंचीनं बेताचा. शेवटी सगळ्यात आरामात तोच फिरला ही गोष्ट वेगळी.

तिथं जाणारा जो तो मे होंग सोन लूप करतो, १८६४ वळणं, केलं की सर्टिफिकेट पण मिळतं. आम्ही ते सोडलं. वळणं मोजायला आम्हाला तिलारी घाट आहे, आणि सर्टिफिकेटचं काय करायचंय मर्दा. आम्ही उलट ईशान्येला निघालो, फांग, था तॉन, मे सलोंग, दोई तुंग, मे साई, मग मेकाँगच्या काठानं चियांग खोंग आणि वर फू ची फा. गर्दी कमी, आणि बॉर्डर बहुतेक वेळ डाव्या हाताला.

रस्त्यांबद्दल बोलायचं तर चोर्ला रोडवर हाडं खिळखिळी करून घेतलेल्या माणसाला रडू यावं असे रस्ते. डोंगरातल्या चार घरांच्या वस्तीपर्यंत गुळगुळीत डांबर. फक्त चढ असले उभे की स्कूटर पहिल्या झटक्याला दमते, आणि उतरताना ब्रेक दाबत राहिलात तर वास यायला लागतो. पेट्रोल पंप लांब लांब, पण खेड्यात दारूच्या रिकाम्या बाटल्यांत पेट्रोल भरून फळीवर मांडलेलं असतं, आपल्याकडं पण काही वर्षांपूर्वी असंच असायचं.

मे सलोंगला मुक्काम केला आणि तिथंच मला ही ट्रिप खरी सुरू झाल्यासारखी वाटली. गाव थायलंडात, पण माणसं चिनी. १९४९ ला चीनमध्ये माओ जिंकला तेव्हा हरलेल्या बाजूच्या सैन्याचा एक भाग, ९३ वी डिव्हिजन, युनानमधनं पळून बर्मात, म्हणजे आताच्या म्यानमारमध्ये, घुसला, तिथनंही हुसकावल्यावर १९६१ मध्ये यातले बरेच इथं डोंगरावर येऊन बसले. थाई सरकारनं त्यांना राहू दिलं, बदल्यात कम्युनिस्टांशी लढा म्हटलं, ते लढले, आणि त्यातनं पुढं नागरिकत्व मिळालं. मधली बरीच वर्षं धंदा अफूचा. आता त्याच उतारांवर चहा, ऊलाँग. आमच्या गेस्ट हाऊसचा म्हातारा मालक बायकोशी युनानी चिनीत बोलायचा, मुलाशी थाईत, चहा खुडायला येणाऱ्या आखा या डोंगरी जमातीच्या बायकांशी त्यांच्या भाषेत, आणि आमच्याशी कॅल्क्युलेटरवर. निपाणी म्हणाला, हा तर आपल्या शनिवार खुटावरचा दुकानदार, घरी मराठी, तालुका ऑफिसात कन्नड, गिऱ्हाईकाशी हिंदी. गावात पाट्या थाई आणि चिनी दोन्हीत, दोन्ही ठळक, आणि कोणी डांबर फासलेलं नाही. आता म्हणून तिथं सगळं गोडीगुलाबीचं आहे असं मी म्हणत नाही, डोंगरातल्या कितीतरी लोकांना अजून नागरिकत्वाचे कागद नाहीत. पण पाटी हा तिथं भांडणाचा विषय दिसला नाही एवढं खरं. आपल्याकडं पाटीवर ६० टक्के कन्नड हवं हा नियम आल्यापासनं पाटी रंगवणाऱ्यांची तेवढी चलती.

दुसऱ्या दिवशी ११४९ नंबरचा रस्ता. दोई तुंगवरनं मे साईकडं उतरणारा हा रस्ता अक्षरशः म्यानमार सीमेच्या कड्यावरनं जातो, अरुंद, सावलीचा, मध्येच डावीकडं काटेरी तार, वाळूची पोती आणि पलीकडच्या टेकडीवर त्यांची चौकी. एका वळणावर थाई आर्मीचा चेकपोस्ट. पोरगेला सोल्जर, हातात रजिस्टर, शांतपणे चारही पासपोर्ट बघितले, आयडीपी बघितलं आणि मग शेठची टँकबॅग उघडायला सांगितली. आता टँकबॅगेत काय, तर गोकाकचं करदंट. गूळ, डिंक, सुकामेवा, काळपट तपकिरी चिकट वड्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या, वर लेबल कन्नडमध्ये. म्यानमारच्या शान राज्यातनं येणाऱ्या याबाच्या, म्हणजे नशेच्या, गोळ्या पकडायलाच हे चेकपोस्ट आहेत, आणि पिशवीत निघालं हे. सोल्जरनं एक वडी उचलली, वास घेतला, उजेडात धरून बघितली, दुसऱ्याला बोलावलं, त्यानंही वास घेतला. शेठला इंग्लिश सुचेना, तो मराठीतनंच "खायचं आहे ओ, खायचं" करत एक वडी तोंडात टाकून चावत उभा राहिला, आणि करदंट लवकर गिळता येत नाही हे ज्यांना माहिती आहे त्यांना तो सीन डोळ्यांसमोर येईल. एक मिनिट सगळे शेठच्या जबड्याकडं बघत उभे. मग पहिल्या सोल्जरनं पण एक तुकडा मोडून खाल्ला, मान हलवली, रजिस्टरात आमच्या गाड्यांचे नंबर लिहिले आणि दोन वड्या ठेवून घेतल्या. कणकुंबीच्या नाक्यावर गोव्याची बाटली शोधताना डिकी उचकटतात त्यापेक्षा हे फारच सभ्य म्हणायचं. चंदगड तर म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा नाक्यावर माझी झडती झाली नाही.

तिथनं पुढं फा ही नावाचं आखा लोकांचं कॉफीचं गाव. एका काळी या सगळ्या डोंगरांवर खसखशीची शेतं होती, १९८८ ला राजघराण्यानं दोई तुंगचा प्रोजेक्ट सुरू केला आणि मग कॉफी, मॅकाडेमिया वगैरे आलं. फा हीत निपाणीच्या मोबाईलची गंमत झाली. त्याचं एकट्याचं इंडियाचं सिम रोमिंगवर होतं, रात्री त्यानं म्यानमारचा टॉवर पकडला आणि घड्याळ आपोआप अर्धा तास मागं गेलं, म्यानमारची वेळ थायलंडच्या अर्धा तास मागं असते. सकाळी साहेब अर्धा तास उशिरा आले, कॉफी निवलेली, आणि वर आम्हालाच म्हणतात तुम्ही एवढ्या लवकर का उठलाय. पूर्वी उचगावच्या पुढं गेलं की मोबाईल महाराष्ट्राचा टॉवर धरायचा आणि रोमिंगचे पैसे कटायचे, तेव्हा आपण कसे शिव्या घालायचो, तशाच त्यानं घातल्या.

मे साई म्हणजे थायलंडचं अगदी वरचं टोक. बाजार, गर्दी, आणि मध्ये नदी म्हणायची तर एवढीशी की पलीकडच्या म्यानमारातल्या ताचिलेकमधल्या बाईनं दोरीवर घातलेले कपडे मोजता येतात. पूल ओलांडला की ट्रॅफिक उजवीकडनं, बर्मानं १९७० ला बाजू बदलली, पण तिथल्या कितीतरी गाड्या जपानी सेकंडहँड, म्हणजे स्टीअरिंग पण उजवीकडंच आणि चालवायची पण उजवीकडनं, ओव्हरटेक कसं करत असतील देव जाणे. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाच्या पावसानं ही एवढीशी नदी बाजारात घुसली होती, आम्ही गेलो तेव्हा भिंतींवर चिखलाची रेघ तशीच होती, काही शटरं बंदच. आपल्याकडच्या २०१९ च्या पुरानंतर घरातनं गाळ काढलेल्या माणसाला ती रेघ कितीची आहे ते लगेच कळतं.

गावाजवळच थाम लुआंगची गुहा. २०१८ च्या जूनमध्ये फुटबॉल टीमची १२ पोरं आणि त्यांचा कोच पाण्यामुळं आत अडकले होते, २३ जूनला गेलेले, २ जुलैला सापडले आणि ८ ते १० जुलैमध्ये डायव्हर्सनी एकेक करून बाहेर काढले. बाहेर मृत्यू पावलेल्या थाई डायव्हरचा, समान कुनानचा पुतळा आहे. आम्हाला वाटलं पंधरा मिनिटांत बघून निघू, पण शेठ हलेना. कारण त्या बचावात गुहेतलं पाणी उपसण्यासाठी सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे इंजिनीयर पण गेले होते. आणि किर्लोस्कर म्हणजे मूळचे आमचेच की! लक्ष्मणराव गुर्लहोसूरचे, बेळगाव जिल्ह्यातले, १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान टाकून सुरुवात केली, किर्लोस्करवाडी त्यानंतर, १९१० ला. शेठचा स्वतःचा धंदा हायड्रॉलिक पार्टचा, त्यामुळं तो आम्हाला उभ्या उभ्या पंपाचं हेड, सक्शन आणि चिखलाच्या पाण्यानं इम्पेलरचं काय होतं ते सगळं समजावत राहिला. उपसलेलं पाणी खालच्या भातशेतात सोडलं होतं, रोपं गेली, तरी काही शेतकऱ्यांनी भरपाई घेतली नाही. वडगाव-शहापूरच्या शिवारात भात करणाऱ्या घरातला मी, मला हे पंपापेक्षा जास्त लागलं.

गोल्डन ट्रँगल पॉइंट मात्र फोटोपुरता. रुआक नदी मेकाँगला मिळते, इकडं थायलंड, समोर म्यानमार, उजवीकडं लाओस, मोठा सोनेरी बुद्ध, बोटी, टी-शर्ट. अफूचं म्युझियम चांगलं आहे, ते चुकवू नका. लाओसच्या काठावर कॅसिनोचे सोनेरी घुमट चमकतात, दिसायला भारी, पण त्याच भागातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत आपली पोरं नोकरीच्या आमिषानं जाऊन अडकतात, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या दूतावासानं तिथनं ४७ भारतीयांना सोडवलं. आपल्या भागातनं दुबई-कतारला जाणारी पोरं कमी नाहीत, "थायलंडमध्ये डेटा एंट्री, राहणं-खाणं फ्री" असलं काही व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तर आधी चार जणांना विचारा एवढंच सांगतो.

चियांग सेन ते चियांग खोंग, ११२९ नंबर, हा ट्रिपमधला माझा लाडका रस्ता. डावीकडं मेकाँग, पलीकडं लाओस, उजवीकडं तंबाखू आणि मक्याची शेतं. तंबाखू दिसल्यावर निपाणीवाल्यानं गाडी लावली, शेतात उतरला, पान चुरगाळून वास घेतला, आणि पाच मिनिटं आपल्या तंबाखूपुढं हा कसा काहीच नाही यावर भाषण दिलं. शेतकरी बिचारा हसत ऐकत होता. चियांग खोंगला मेकाँगवर २०१३ चा फ्रेंडशिप ब्रिज आहे, तो ओलांडताना गाड्या डावीकडनं उजवीकडं बदलतात, आम्हाला भाड्याच्या गाड्या पलीकडं न्यायची परवानगी नव्हती म्हणून लांबनंच. फू ची फाबद्दल जास्त लिहीत नाही, कड्याच्या खाली लाओस, त्यावर ढग, सगळे दाखवतात तेच, पण खरंच तसं दिसतं.

कुणी जाणार असेल तर डिसेंबर-जानेवारी धरा, डोंगरात स्वेटर लागतो. फेब्रुवारीच्या शेवटापासनं तिकडं शेतं जाळतात, एप्रिलपर्यंत नुसता धूर, समोरचा डोंगर दिसत नाही. शाकाहारी माणूस बरोबर असेल तर पिवळ्या बोर्डावर लाल अक्षरात "เจ" असं लिहिलेलं दुकान शोधा, बाकी ठिकाणी भाजीत पण फिश सॉस असतो. आणि करदंट न्या, पण पिशवी वरच ठेवा, काढायला सोपी.